स्लेटच्या फायरप्लेसला ग्राइंडर लावण्याआधी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी लेस्टरमध्ये व्हिक्टोरियन काळातलं, ओळीतलं जुनं घर घेतलं. पुढच्या खोलीत हार्डबोर्ड ठोकून बंद केलेली फायरप्लेस होती. बोर्ड काढला तर आत बिडाची शेगडी आणि दोन्ही बाजूंना फुलांच्या टाइल्स निघाल्या. भोवतीची चौकट मात्र पांढऱ्या ऑइलपेंटने जाडजूड रंगवलेली आहे. एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा उडालाय, तिथे खाली काळं आणि तुकतुकीत दिसतं. शेजारी म्हणतात स्लेट आहे. मला तर तो आमच्या पुण्याच्या घरातल्या ओट्याचा कडप्पाच वाटतो. कामाला येणारा बिल्डर म्हणतो, ग्राइंडर मारून एका दिवसात दगड उघडा करतो आणि पॉलिश करून आरशासारखा काळा करून देतो. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. त्याला हो म्हणू का?

उत्तर : नको. आजच कळवून टाका की चौकटीला हात लावायचा नाही. ग्राइंडर मारला तर तुम्हाला जी काळी चकाकी हवी आहे तीच कायमची जाईल, आणि मुलगा ज्या घरात रांगतो-खेळतो तिथे विषारी धूळ पसरेल ती वेगळीच.

आधी दगडाची ओळख. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा. लिंबू किंवा चिंच सांडून राहिली की ओट्याची तेवढ्या जागेची चमक मरते, ते त्यामुळेच. स्लेट मूळची चिखलाची. समुद्रतळाशी साचलेला बारीक गाळ डोंगर घडताना दाबला गेला आणि त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा दगड झाला. मी राहते त्या उत्तर वेल्समध्ये बेथेस्डाजवळची पेन्रिन आणि लानबेरिसची डिनॉर्विक या स्लेटच्या दोन मोठ्या खाणी. तिथला दगड सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डिनॉर्विक १९६९ साली बंद पडली, पेन्रिन आजही चालते, आणि २०२१ पासून हा सगळा स्लेटचा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. लंडनपासून लेस्टरपर्यंत कितीतरी घरांची छपरं या दगडाची. त्याच दगडाच्या जाड शिळा करवतीने कापून बिलियर्डची टेबलं, पाण्याच्या टाक्या आणि तुमच्याकडे आहे तशा चौकटी बनत.

तपासणी घरीच होते. चौकटीच्या आतल्या कडेला, नाहीतर वरच्या फळीच्या खालून टॉर्च मारून बघा. रंगाऱ्याचा ब्रश जिथे पोचला नाही तिथे कोरा दगड दिसेल. करडा किंवा जांभळट, मातकट, करवतीच्या रेघा असलेला दिसला तर स्लेट. लोहचुंबक चिकटला तर बीड. हाताला उबदार लागलं आणि टिचकीला पोकळ वाजलं तर लाकूड. तरीही शंका उरली तर त्या कोऱ्या, न दिसणाऱ्या जागेवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तो बेल्जियमचा काळा संगमरवर असू शकेल. तोही चुनखडीचाच, आणि त्याची निगा वेगळी, तसं असेल तर मला पुन्हा लिहा. वेल्सच्या स्लेटवर काही होत नाही. थेंब लगेच पुसून घ्या आणि ही चाचणी तुकतुकीत भागावर अजिबात करू नका.

आता मुख्य गोष्ट. ती चकाकी दगडाची नाही. स्लेट कितीही घासा, तिला रेशमी झाक येते, आरशाची चमक येत नाही. तुमच्या कोपऱ्यात जे काळं चमकतंय तो भट्टीत भाजलेला रंग आहे. जॉर्ज यूजीन मॅग्नस याने १८४० साली स्लेटवर असा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याच्या कारखान्याचं काम मांडलेलं होतं. पुढे पन्नासेक वर्षं हा धंदा जोरात चालला. शिळा घासून सपाट करायची, काळा थर द्यायचा, भट्टीत भाजायची. मग टाकीतल्या पाण्यावर तेलरंग शिंपडून त्यांच्या शिरा-नसा पसरू द्यायच्या आणि शिळा त्या पाण्याला टेकवून ती नक्षी अलगद उचलायची. काही ठिकाणी नसा ब्रशने आणि पिसाने काढत. पुन्हा भट्टी, वर वॉर्निश, पुन्हा भट्टी, आणि शेवटी प्युमिस दगडाची बारीक पूड घेऊन हाताने घासत बसायचं. हिरवा, तांबडा, शेवाळी, सोनेरी नसांचा, हवा तसा संगमरवर असा तयार होई. खरा संगमरवर परवडत नसलेल्या कारकुनाच्या, शाळामास्तराच्या बैठकीच्या खोलीत तो बसे. लाकूड भट्टीत टिकलं नसतं. स्लेट टिकते, आणि तिच्या मोठ्या, पातळ, सरळ शिळा निघतात, म्हणून ही कला स्लेटवरच वाढली.

याला नाक मुरडून ‘नकली संगमरवर’ म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या पांढऱ्या ऑइलपेंटखाली कदाचित एखाद्या कारागिराने हाताने काढलेल्या नसा आहेत. दगड वेल्समध्ये हवा तेवढा मिळेल, पण तो हात परत मिळणार नाही. बिल्डर ‘दगड उघडा करतो’ म्हणतो त्याचा अर्थ तो हेच काम खरवडून टाकणार, आणि मग करड्या दगडावर डब्यातला काळा रंग मारून देणार.

धुळीचंही नीट ऐका. ब्रिटनमध्ये शिसं असलेल्या रंगाच्या सर्वसाधारण विक्रीवर १९९२ साली बंदी आली. तुमच्या घरातल्या रंगाचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार. रंगाच्या दुकानात शिशाची चाचणी करायची साधी किट मिळते, सुरुवात तिथून करा. चाचणीत शिसं निघो वा न निघो, कोरडं घासणं बंद, आणि हॉट एअर गनही बंद. उष्णतेने शिशाची वाफ होऊ शकते, आणि खालचा मुलामा फुगून सुटतो. त्याखेरीज स्लेटमध्ये क्वार्ट्झ म्हणजे सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. वेल्सच्या खाणीतल्या आणि शिळा फोडण्याच्या शेडमधल्या माणसांच्या पिढ्या त्या धुळीने दम लागून गेल्या, आणि कायद्याने भरपाई मिळायला त्यांना १९७९ साल उजाडावं लागलं. मी या गावांत राहते, म्हणून बंद खोलीत कोरड्या स्लेटवर ग्राइंडर लावायची गोष्ट मला ऐकवत नाही.

मग करायचं काय? हळू आणि थोडं थोडं. मुलाला काही दिवस त्या खोलीत येऊ देऊ नका. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करा, एफएफपी-३ दर्जाचा मास्क लावा. कचरा ओल्या फडक्याने टिपा. झाडू नका आणि घरचा साधा व्हॅक्यूम तर नकोच, तो धूळ मागून परत खोलीत सोडतो.

खांबाच्या तळाशी, आडव्या पट्टीवर आणि फळीच्या कडेला, अशा तीन जागी पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा चौकोन आखा. तिथला रंग आधी पाण्याने किंचित ओला करून प्लास्टिकच्या पात्याने, मग गरज पडली तर सर्जिकल ब्लेड जवळजवळ आडवं धरून उचलून बघा. भाजलेला मुलामा इतका गुळगुळीत असतो की नंतरच्या ऑइलपेंटला पकड मिळालेली नसते. पुष्कळदा पांढरा थर कपच्यांनी सुटतो आणि केमिकल लागतच नाही. तुमच्या कोपऱ्यातला पोपडा आपोआप उडालाय ही त्याचीच खूण दिसते. असं सुटत असेल तर सगळी चौकट अशीच करा. वेळ लागेल. संध्याकाळी तळहाताएवढी जागा झाली तरी ते चांगलं काम समजा.

नाहीच सुटलं तर पेंट रिमूव्हर. डायक्लोरोमिथेन नसलेला, जेलसारखा घ्या आणि त्याच चौकोनावर पाच मिनिटं ठेवून बघा. पांढरा रंग मऊ झाला आणि फडक्याला काळं लागलं नाही, तर पुढे जा. काळं, हिरवं किंवा सोनेरी लागू लागलं तर तिथेच थांबा, कारण तुम्ही मुलाम्यात शिरलात. कॉस्टिक सोड्याचे लेप मुळीच वापरू नका. ते मुलामा खातात आणि दगडात क्षार सोडतात, जे पुढे पांढरे होऊन वर येत राहतात. चौकटीवर कोरलेल्या बारीक रेघा असतील तर तिथे जेल नेऊच नका. त्या रेघांत बहुधा सोनेरी रंग भरलेला असतो आणि तो सगळ्यात आधी जातो. तिथला पांढरा रंग लाकडी टूथपिकने काढा.

सगळं उघडलं की कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून कापसाच्या बोळ्याने पुसा. बोळा पिळलेला हवा. काजळीचे डाग व्हाइट स्पिरिटने निघतात. मग बसून नीट बघा. अर्ध्याहून अधिक मुलामा शाबूत असेल तर माझं मत ठाम आहे की तो जसा आहे तसा ठेवा. उडालेल्या जागाच तेवढ्या रंगाने भरा, बारीक ब्रशने, शेजारचा रंग जुळवून, आणि भरलेला रंग शाबूत मुलाम्यावर येऊ देऊ नका. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि मऊ सुती कापडाने चमकवा. काही चरे आणि उडालेल्या कडा दिसत राहतील. राहू द्या, दीडशे वर्षांच्या वस्तूला ते शोभतात.

मुलामा जवळजवळ संपलेलाच निघाला तर दोन वाटा आहेत. एक, दगड करडा ठेवायचा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी २४०, मग ४००, मग ८०० नंबरचा फिरवायचा, सतत ओला ठेवून. कोरडा झाल्यावर मेण. जवसाचं तेल लावायचा सल्ला तुम्हाला मिळेल. रंग गडद होतो खरा, पण ते तेल पुढे पिवळं आणि चिकट होतं, म्हणून मी टाळते. तरी कुणी वापरलंच तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. दुसरी वाट म्हणजे पुन्हा काळा करणं. ऑइल बेसचा एगशेल म्हणजे मंद चमकीचा रंग, पातळ पातळ हात, प्रत्येक हातानंतर बारीक वॉटर पेपर, शेवटी मेण. शेगडीला लावायचं ग्राफाइटचं काळं पॉलिश बिडापुरतं ठेवा. स्लेटवर ते बसत नाही, कपड्यांना लागतं.

दोन गोष्टी राहिल्या. घर लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीतलं, असेल तर आतली फायरप्लेससुद्धा त्या संरक्षणात येते, म्हणून काम काढण्याआधी कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला विचारा. आणि तिथे पुन्हा विस्तव पेटवायचा विचार असेल तर आधी धुराडं साफ करणारा माणूस बोलवा, धुराड्याची तपासणी करून घ्या, खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. पेटवायचं नसेल तरी भोक पूर्ण बंद करू नका. हवा खेळायला जाळी ठेवली नाही तर धुराड्यात ओल धरते आणि ती भिंतीतून चौकटीपर्यंत येते.

प्रश्न : आम्ही ब्रिस्टलला राहतो. बैठकीच्या खोलीतल्या काळ्या स्लेटच्या फायरप्लेसच्या फळीवर आईंनी देव्हारा मांडलाय. रोज निरांजन, हळदकुंकू, उदबत्ती. फळीवर गोल पांढरट डाग आणि पिवळे ठिपके पडलेत. आईंना देव्हारा हलवा म्हणणं बरं वाटत नाही.

उत्तर : हलवायची गरज नाही. जुन्या घरातली ती फळी घरातल्या प्रिय वस्तू मांडायलाच असते, आणि तुमच्या घरात देवांहून प्रिय काय असणार. फक्त फळी आणि पूजा यांच्यामध्ये काहीतरी हवं. फळीच्या मापाचा सागवानी पाट करून घ्या, त्याला खालून फेल्टचे पाय लावा म्हणजे मधून हवा खेळेल. निरांजन पितळी तबकात, उदबत्तीचं घर खोलगट, राख फळीवर पडणार नाही असं. देव्हाऱ्याच्या मागची भिंत आणि वरचं छत ज्योतीपासून लांब आहे ना, तेही एकदा बघा.

पांढरट गोल डाग निरांजनाच्या उष्णतेचे. वरचं वॉर्निश तिथे धुरकट झालंय. मेणाचा पातळ हात देऊन कापडाने हलके गोल घासा, पुष्कळदा तेवढ्याने निवळतं. निवळलं नाही तर तसंच सोडा, त्यासाठी वॉर्निश काढायला जाऊ नका. हळदीचा पिवळा रंग उजेडाने फिका होतो. पडदे उघडे ठेवा आणि काही महिने वाट बघा. कुंकवाचं तसं नाही, हल्लीच्या कुंकवात बरेचदा कृत्रिम रंग असतो आणि तो मुरतो. सांडलं की आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मगच ओलं फडकं. आधी पाणी लावलंत तर डाग पसरेल. तेल सांडलं तर टिपकागदाने टिपून साबणाच्या पाण्याने पुसा. लिंबू, चिंच, पितांबरी यांपैकी काहीही फळीवर नको. तांब्या-पितळेची भांडी खाली उतरवून घासा.

प्रश्न : महाबळेश्वरला आमच्या आजोबांच्या वेळचा बंगला आहे. तिथल्या फायरप्लेसचा दगड काळा आहे. तोही स्लेट असेल का? पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

उत्तर : बहुतेक नाही. सह्याद्री बसाल्टचा, आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा. सह्याद्रीत स्लेट नाही, शाळेच्या पाट्यांची स्लेट आंध्रातल्या मार्कापूरहून येई. दोऱ्याला छोटा पण ताकदवान चुंबक टांगून दगडाजवळ न्या. हलका ओढला गेला तर बसाल्टच, त्यात लोहाचे कण असतात. भिंग लावलंत तर दाणे दिसतील आणि पापुद्रे कुठेच दिसणार नाहीत. टाकीच्या घावांच्या खुणा असतील तर त्या पाथरवटाच्या, त्या घासून घालवू नका.

बुरशीला मऊ ब्रश, साधं पाणी आणि हवा. पावसाळ्यात बंगला बंद असतो हेच मूळ कारण असणार. कुणी कपडे धुवायच्या ब्लीचने धुवा म्हणेल, ते करू नका. आणि चमक यावी म्हणून सीलर मारू नका. दगडात मुरलेली ओल बाहेर पडायला जागा उरत नाही आणि पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात.

प्रश्न : कार्डिफमध्ये घर बदलताना हमालांच्या हातून स्लेटच्या फायरप्लेसची वरची फळी पडली आणि तिचे दोन तुकडे झाले, शिवाय बारीक कपच्या. खांबांचे सांधेही निखळलेत. यजमान म्हणतात सिमेंटने बसवून टाकू. जमेल का?

उत्तर : सिमेंट नको. आतून बघितलंत तर या चौकटी पोकळ खोक्यासारख्या असतात. बोटभर जाडीच्या शिळा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांनी एकमेकींना धरलेल्या, आणि लोखंडी किंवा तांब्याच्या तारांनी भिंतीला अडकवलेल्या. प्लास्टर मुद्दाम कमजोर ठेवलेलं असतं, कारण उद्या उतरवायची वेळ आली तर सांधा सुटावा, शिळा फुटू नये. सिमेंट लावलंत तर पुढच्या वेळी शिळाच फुटेल. निखळलेल्या सांध्यांतलं जुनं प्लास्टर लाकडी पट्टीने खरवडून काढा आणि पुन्हा प्लास्टर ऑफ पॅरिसनेच बसवा. गंजलेल्या तारा बदलून स्टेनलेसच्या घाला. गंज फुगतो आणि दगड फोडतो.

फळी जोडता येते. सगळ्या कपच्या, अगदी नखाएवढ्याही, डब्यात जपून ठेवा आणि कुठली कुठल्या कडेची ते खडूने मागे लिहून ठेवा. आधी कोरडी मांडणी करून बघा, तुकडे कसे बसतात ते हाताला कळू द्या. स्लेट पापुद्र्यांनी तुटते, म्हणून सांध्याच्या आत एखादा सुटा पापुद्रा अडकलेला असतो. तो सापडला नाही तर वर केसाएवढी पायरी राहते आणि ती नंतर घासून काढता येत नाही. तुटलेल्या कडा ॲसिटोनने पुसा, वाळू द्या, दोन भागांचं हळू सुकणारं इपॉक्सी पातळ लावा, कडेपासून थोडं आतच, म्हणजे दाबल्यावर बाहेर सांडणार नाही. बाहेर आलंच तर ओलं असतानाच ॲसिटोनच्या फडक्याने टिपा, पण मुलाम्याला ॲसिटोन लागू देऊ नका, तो रंग विरघळवतो. फळी सपाट पाटावर, खाली प्लास्टिक घालून, दोन्ही बाजूंनी बांधून एक पूर्ण दिवस हलवू नका.

नुसत्या सांध्यावर भरवसा ठेवू नका. फळीच्या खालच्या बाजूला, सांध्याच्या आडवी, स्लेटचीच एक पट्टी चिकटवा. गावात छप्पर बदलणारे असतील तर त्यांच्याकडे जुनी कौलं फुकट मिळतील. वरच्या बाजूला उरलेल्या फटीत स्लेटची पूड इपॉक्सीत कालवून भरा. ती पूड पाण्यात घासून काढा, कोरडी नको. वाळल्यावर वॉटर पेपर फक्त भरलेल्या जागेवर, मग रंग, मग मेण. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. त्या फायरप्लेसमध्ये विस्तव पेटत असेल तर मला आधी फळीच्या खालच्या बाजूचा आणि तोंडापासून फळीपर्यंतच्या उंचीचा फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून, पाठवा. तोवर फळी भिंतीला टेकून उभी ठेवा, आडवी ठेवून तिच्यावर काही रचू नका.